पाचवी पालिका

तीन वर्षं नित्या एका बीची मनधरणी करत होती, आणि बी काही बधत नव्हती.

ही बी जैसलमेरपलीकडच्या वाळवंटातल्या एका बुटक्या झुडपाची. तिकडचे मेंढपाळ त्याला झीणी म्हणायचे. गुडघ्याएवढं झुडूप, पण त्याची मुळं वाळूचं अख्खं टेकाड धरून ठेवायची. दुष्काळात शेळ्या त्याच्या पाल्यावर जगायच्या, आणि फारच वाईट वर्ष आलं तर बायका त्याच्या बिया बाजरीत दळून भाकरी करायच्या. जोधपूरच्या संशोधन संस्थेत नित्याला काम दिलं होतं ते एवढंच, की ही झीणी रोपवाटिकेत उगवून दाखव, म्हणजे उघड्या पडलेल्या टेकाडांवर लावता येईल. नित्याने बिया आम्लात बुडवल्या, गरम पाण्यात घातल्या, फ्रिजमध्ये ठेवल्या, धुराचा शेक दिला. एकदा तर महिनाभर अंधारात कोंडून ठेवल्या. बिया होत्या तशाच राहिल्या, मोहरीएवढ्या, काळसर, आणि भलत्याच तोऱ्यात.

त्यात गेल्या वर्षी झीणीची शेवटची दाट जाळी ज्या टेकाडावर होती त्यावरून रस्ता गेला. पुन्हा बी मिळेल याची खात्री उरली नाही. नित्याचे सर तसे प्रेमळ, पण हिशेबी माणूस. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत मला अंकुर दिसला पाहिजे, आणि तो कसा आला तेही कळलं पाहिजे. नाहीतर प्रकल्प बंद. उरलेल्या बिया शीतपेटीत आणि तू दुसऱ्या कामावर."

नेमकं त्याच महिन्यात धाकट्या बहिणीचं, लक्ष्मीप्रियाचं, लग्न निघालं. नित्या वाळवंटातल्या तळावरून थेट तमिळनाडूत, कुंभकोणमच्या घरी आली ती शेवटच्या बिया पोटाशी धरूनच. त्यातल्या चाळीस निवडून, मोजून काचेच्या नळीत भरलेल्या होत्या. बाकीच्या अजून निवडायच्या होत्या. झुडपाखालच्या वाळूसकट खरवडून घेतलेल्या त्या बिया एका स्टीलच्या डब्यात होत्या. खोलीत मुंग्या फार म्हणून तिने डबा कोठीच्या फळीवर ठेवला आणि वर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवली: नमुना क्रमांक सतरा, हात लावू नये.

लग्नघरात चिठ्ठीला कोण विचारतो!

त्या घरात लग्नाच्या पाच दिवस आधी पालिका पेरायची पद्धत. पालिका म्हणजे कर घेणारी नव्हे. पसरट तोंडाच्या मातीच्या पाच कुंड्या. भात, उडीद, मूग, तीळ आणि मोहरी ही पाच धान्यं दुधात भिजवायची, एकेका पालिकेत एकेक धान्य पाच सुवासिनींनी पेरायचं, रोज पाणी शिंपायचं, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कोंब कावेरीत सोडायचे. कोंब दाट तर संसार दाट. मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेल्या आणि घरात अजून तेव्हाचीच मराठी बोलणाऱ्या या कुटुंबाने ही रीत तमिळ शेजाऱ्यांकडून कधी उचलली ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण तिच्यात तसूभर चूक झाली तर भांडायला मात्र सगळे तयार असायचे.

आणि या वेळी चूक झालीच. लग्नाच्या आदल्या दिवशी चार पालिका हिरव्यागार झाल्या आणि पाचवी टकलीच्या टकली.

नित्याच्या आईने, कामाक्षीने, तिला खांबाआड ओढलं. "पाहिलेंस काय गे? मोहरी उगवलीच नाहीं. आणि ती धनलक्ष्मीच्या हातची! तिच्या हातचें कधीं वायां जात नाहीं."

"अम्मा, मोहरी जुनी असेल."

"हळू बोल! वराकडच्यांनीं ऐकलें तर?"

वडिलांनी, म्हणजे सुंदररावांनी, यावर आपल्या परीने तोडगा काढला. ते बँकेत चाळीस वर्षं काढून निवृत्त झाले होते आणि अडचणीचं काम मागच्या टेबलावर सरकवायची कला त्यांना अवगत होती. त्यांनी पाचवी पालिका उचलली आणि केळीच्या खुंटामागे ठेवून दिली.

लग्नाच्या सकाळी पालिकांवर पाणी शिंपायचं काम नित्याकडे आलं. नऊवारी सावरत ती एकेका कुंडीवर पाणी उडवत गेली आणि केळीमागे वाकली. वाकली ती तशीच राहिली. पाचव्या पालिकेत कोंब आले होते. मोहरीचे नव्हेत. देठ लालसर, पानं दोनच पण जाड, आणि त्यांवर मिठासारखी बारीक पांढरी लव. असं रोप नित्याने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तीन वर्षांपूर्वी, मोठ्या पावसानंतर, एका कोरड्या नाल्याच्या काठी. त्याचा फोटो तिच्या टेबलासमोर लावलेला होता. इथे तसली शंभरएक रोपं एकमेकांना खेटून उभी होती.

ती कोठीकडे धावली. फळीवर नमुना क्रमांक सतरा, झाकण तिरकं, आत काहीच नाही. मोहरीचा डबा त्याच्या शेजारी असायला हवा होता. तो आचाऱ्याने फोडणीसाठी कधीच स्वयंपाकघरात नेला होता.

नित्या जोरात किंचाळली. नशीब बलवत्तर, नेमकं त्याच क्षणी मंगळसूत्र बांधलं जात होतं आणि ढोल-नादस्वरवाले सगळी ताकद लावून वाजवत होते. त्या क्षणी कोणाची शिंकसुद्धा ऐकू येऊ नये म्हणूनच ते तसं वाजवतात. शिंक काय, नित्याची किंकाळीही त्यात बुडाली.

जेवणं उरकल्यावर तिने चौकशी केली तेव्हा गोमती आत्या आपण होऊन पुढे आली. गोमती सुंदररावांची थोरली बहीण. नवरा जाऊन एकतीस वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून ती याच घरात होती. एकादशीला गोविंदपुरमला भजनाला जायची, बाकी दिवस घरातलं सगळं काम तिच्या हातून जायचं.

"डबा मींच काढिला," ती पदर चाचपत म्हणाली. "पांच डबे म्हणून सांगितलें, पांच घेतले. तुझें कांहीं मोलाचें होतें काय? रागावलीस?"

रागावते कसली! नित्याने तिला मिठी मारली, तिच्या कपाळाचे मुके घेतले, आणि लगेच वही काढली. दूध किती? भांडंभर. कोणाचं? गाईचं. किती वेळ भिजवलं? सकाळची कॉफी झाली तेव्हा घातलं, दुपारचं ताट वाढेपर्यंत. गोमतीने सगळं सांगितलं. आणि मग तीच म्हणाली, "पण मजला काय पुसतेस? मी भिजवून दिलें. पेरलें तें धनलक्ष्मीनें."

खरंच की, असं नित्याला वाटलं. तिने वहीचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी पालिका कावेरीत सोडायच्या होत्या. नित्याने आईकडे पाचवी पालिका मागितली तर कामाक्षी कानांवर हात ठेवून उभी राहिली. बहिणीच्या संसाराचे कोंब घरात ठेवायचे? शेवटी नव्या नवरीनेच घाटावर हळूच दोन रोपं उपटून नित्याच्या मुठीत दिली. "एक माझ्याकडून, एक त्यांच्याकडून," लक्ष्मीप्रिया म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघून लाजली. बाकीची रोपं पाण्यावर तरंगत गेली. मुठीतली दोन नित्याने पेल्यात लावली. पण वाळवंटाचं लेकरू ते. मुळं दुखावलेली, त्यात कुंभकोणमची ओल, ती त्याला कुठली सोसायला! संध्याकाळपर्यंत दोन्ही देठ कुजून मान टाकून बसले.

आता उरल्या नळीतल्या चाळीस बिया आणि महिनाअखेरीचे नऊ दिवस. सरांना फोटो पाठवला तर त्यांचं उत्तर आलं: छान. पुन्हा करून दाखव.

पुन्हा करायचं म्हणजे तेव्हा काय काय घडलं ते तंतोतंत कळायला हवं. मग नित्याने पाचही सुवासिनींच्या मुलाखती घेतल्या, आणि सुंदरराव चष्मा लावून लिहून घ्यायला बसले. एकीने सांगितलं की पेरताना तिने श्वास रोखला होता. दुसरीच्या मते आधी केळं खाल्लं होतं म्हणून. तिसरी म्हणाली मातीत कावेरीचा गाळ होता, तोच खरा. धनलक्ष्मी समोरच्या घरातली. तिने लावलेली विड्याची वेल दुसऱ्या मजल्यावर चढली होती आणि ते ती कोणाला विसरू देत नसे. तिने दोन्ही तळहात नित्यासमोर धरले.

"हा हातगुण," ती म्हणाली. "हें पुस्तकांत सांपडत नाहीं."

"हातगुण कसा मोजायचा, अप्पा?" नित्याने विचारलं.

"लिही तूं," सुंदरराव म्हणाले. "मोजायचें मागाहून पाहूं."

चार पानं भरली. नित्याचं शास्त्रीय मन त्यातल्या एकाही ओळीवर विश्वास ठेवायला तयार नव्हतं, पण चाळीसच बिया होत्या आणि अडला हरी तशी तिची गत झाली होती. तिने ठरवलं, काहीच गाळायचं नाही. लग्नानंतर चौथ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात पालिका मांडली, कावेरीचा गाळ भरला, पितळी भांड्यात दूध ओतलं. धनलक्ष्मी तीच रेशमी साडी नेसून, श्वास रोखायची तालीम करत, पूर्वेकडे तोंड करून बसली. केळंही खाऊन झालं होतं. नित्याने नळीचं बूच काढलं.

गोमती भांडी घासून आत नेत होती. जाता जाता तिने नळीकडे पाहिलं आणि थांबली.

"वाळू कोठें गे?"

"कसली वाळू, आत्या?"

"त्या दिवशींच्या मोहरींत अर्धी वाळूच होती. मी मनांत म्हटलें, कोण्या दुकानदारानें हें दिलें, त्याच्याच डोक्यांत घालावी."

नित्याचा हात हवेतच राहिला. एक बी नळीच्या तोंडाशी आली होती, ती तिने बोटाने मागे ढकलली. "मग तूं काय केलेंस?"

"काय करणार? घोळलें."

"घोळलें म्हणजे कैसें? दाखव मज."

गोमतीला यात दाखवण्यासारखं काय ते कळेना. तरी तिने आतून आपलं भांडं आणलं. तांदळातले खडे काढायचं जुनं दगडी भांडं, आतून वळ्या पाडलेलं. त्यात पाणी घालून धान्य गोल गोल फिरवायचं, तळहाताने वळ्यांवर चोळायचं, आणि वरचं धान्य दुसऱ्या भांड्यात ओतायचं, म्हणजे वाळू वळ्यांत अडकते. पण ही मोहरी आणि ही वाळू एकाच आकाराची, वेगळी होईनात. म्हणून तिने चोळलं, ओतलं, पुन्हा चोळलं.

"किती वेळां?"

"कोण मोजतें? कडू जाईपर्यंत."

"कडू?"

"पहिलें पाणी चाखिलें तर जीभ आंखडली. काळें पाणी, वेम्बु जैसें कडू." वेम्बु म्हणजे कडुनिंब. "ऐसें कडू धान्य मुलीच्या पालिकेंत कैसें घालूं? म्हणून प्रत्येक पाणी चाखून पाहिलें. दहा-बारा पाणी जाहलें तेव्हां गोड लागलें. मग दुधांत घातलें."

नित्या पायरीवर बसली. वाळवंटात रिमझिम पावसाला बी फसत नाही, हे तिला पुस्तकांतून पाठ होतं. दोन थेंबांवर विश्वास ठेवून उगवली तर आठ दिवसांत वाळून जाईल. कित्येक वर्षांनी खरा पाऊस येतो, नाला फुटतो, बी वाळूबरोबर कोसभर घरंगळते, खरवडली जाते, अंगातला कडवटपणा पाण्याबरोबर जातो, तेव्हा कुठे तिला पाऊस आल्याची खात्री पटते. हे सगळं ठाऊक असून नित्या बिया ताटलीत नुसत्या भिजत ठेवायची. आणि त्याआधी संस्थेच्या नियमाप्रमाणे पहिलं काम कोणतं, तर बियांतली वाळू काढून फेकून देणे. आत्याने दगडी भांड्यात नाल्याचा पूर आणला होता, आणि तो केव्हा थांबवायचा ते जिभेला विचारलं होतं.

"इतके दिवस मज सांगितलें कां नाहींस?" नित्या जवळजवळ रडत, जवळजवळ हसत म्हणाली.

"तूं पुसलेंस काय? दूध किती पुसलेंस, सांगितलें. धुणें कोणी सांगतें काय? धुणें म्हणजे धुणें."

आता वाळू हवी होती, आणि तीही तिकडचीच. नित्याने खोलीतून आपले वाळवंटातले बूट आणले आणि अंगणात उपडे केले. दोन मुठी पिवळी वाळू पडली. गोमती मागे सरली.

"चपलांची वाळू? माझ्या भांड्यांत?"

"आत्या, ह्या वाळूसाठीं मी पायां पडतें."

"पायां कशाला पडतेस, आधीं तीन वेळां धू."

तीन वेळा धुतलेली वाळू आणि चाळीस बिया दगडी भांड्यात गेल्या. गोमती मांडी घालून बसली. तिचा तळहात वळ्यांवरून फिरू लागला, ना घाई ना ताकद, एकाच लयीत. नित्याने प्रत्येक पाण्याचा थोडा नमुना बाटलीत घेतला. सुंदररावांनी हौसेने पहिलं पाणी चाखलं आणि पुढची दहा मिनिटं तुळशीपाशी थुंकत उभे राहिले. पाणी काळं होतं, मग तपकिरी झालं, मग चहासारखं. अकराव्या पाण्याला गोमतीने बोट जिभेला लावलं आणि मान हलवली. बाराव्याला म्हणाली, "जाहलें."

बिया दुधात पडल्या. दुपारी ताटं वाढायच्या वेळी तिने त्या फडक्यात निथळल्या, वाटीत काढल्या, आणि एक एक वाळूचा कण बाजूला करून वाटी धनलक्ष्मीच्या हातात दिली. आणि मग ती दोन पावलं मागे सरून दाराच्या चौकटीआड जाऊन उभी राहिली.

कोणी तिला जा म्हटलं नव्हतं. या घरात कोणी तसं म्हणतही नसे. पण ती दोन पावलं इतकी सवयीची होती, की नित्याने जन्मापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत ती पाहिली होती आणि एकदाही तिच्या लक्षात आली नव्हती. चार पानं भरून मुलाखती घेतल्या, त्यात आत्याचं नाव नुसतं दुधापुरतं. नित्याला स्वतःची फार लाज वाटली.

तिने धनलक्ष्मीच्या हातातून वाटी काढून घेतली. "मावशी, रागावूं नका." आणि दाराशी जाऊन म्हणाली, "आत्या, तूं पेर."

"वेडी काय तूं?" गोमतीचा आवाज एकदम बारीक झाला. "मी कैसी पेरूं? पालिका आहे ती."

"हें लग्न नव्हे. हें माझें काम आहे. माझ्या कामांत ज्यानें धुतलें त्यानेंच पेरायचें."

गोमतीने भावाकडे पाहिलं. सुंदररावांचे डोळे भरले होते, बहुधा कडू पाण्यामुळे नव्हे. मग तिने भावजयीकडे पाहिलं. कामाक्षी आत गेली, आणि आता ही रुसली असं सगळ्यांना वाटेपर्यंत पाट घेऊन बाहेर आली. तो तिने पूर्वेला तोंड करून मांडला आणि पदराने पुसला.

"बैसा, वन्सं," ती म्हणाली. "बिया वाळतील."

धनलक्ष्मीने इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. "माझा हातगुण गेला वाटतें," ती म्हणाली, पण पालिका गोमतीपुढे तिनेच सरकवली.

गोमतीने पेरलं. सुरुवातीला ती प्रत्येक बी ठेवून भावजयीकडे बघायची. चौथ्या-पाचव्या बीनंतर तिने वर पाहिलं नाही. चाळीस बिया पेरायला तिने अर्धा तास लावला, आणि कोणीही तिला घाई केली नाही. पेरून झाल्यावर तिने हात धुतले नाहीत, बराच वेळ तसेच मांडीवर ठेवून बसली.

चार दिवस त्या पालिकेभोवती अख्ख्या घराने फेऱ्या मारल्या. पाचव्या दिवशी सकाळी कॉफीचा फिल्टर तसाच टाकून गोमतीने नित्याला हलवून उठवलं. लाल देठ, जाड पानं. नित्याने तीनदा मोजले. चाळीसपैकी एकतीस.

व्हिडिओवर सरांना तिने पालिका दाखवली तेव्हा त्यांनी तिला रोपं पुन्हा मोजायला लावलं. मग पद्धत विचारली. नित्याने सांगितली.

"आणि किती धुवायचं ते कशाने मोजलंत?"

"जिभेने, सर."

"कोणाच्या?"

नित्याने फोन वळवला. गोमती दचकून पदर सावरत उभी राहिली.

"यांना इकडे घेऊन ये," सर म्हणाले. "नाल्याकाठच्या बायकांना शिकवायला. आणि रोपं कुजायच्या आत."

गोमतीने आधी नाही म्हटलं, मग एकादशी आडवी घातली, मग विचारलं की तिकडे खडे काढायचं भांडं मिळतं का. नाही म्हटल्यावर तिने आपलं दगडी भांडं दोन साड्यांत गुंडाळून पिशवीत भरलं.

दोन दिवसांनी कुंभकोणमच्या फलाटावर ती बाकावर बसली होती, मांडीवर पालिका, वरून पातळ फडकं. नित्या सामान मोजत होती. शेजारी बसलेल्या तमिळ बाईने फडक्याखाली डोकावून पाहिलं आणि कौतुकाने विचारलं, कोणाच्या लग्नाची? कोंब इतके सुरेख आलेत, पेरली कोणी?

नित्या उत्तर द्यायला वळली, पण त्याआधीच गोमतीने पालिका दोन्ही हातांनी नीट धरली आणि मान वर केली.

"नान् दान्," ती म्हणाली. मीच.